वाकडे पाऊल सरळ होते



आज रोजचा धडा बाजूला ठेवू. पाट्या मात्र जवळ असू द्या, शेवटी लागतील. आज आम्ही तुमच्याशी लहान बाळाच्या पावलाविषयी बोलणार आहोत.

घरात मूल जन्मले म्हणजे आपण आधी काय विचारतो? मुलगा की मुलगी, ते विचारतो. मग नाक कुणावर गेले, रंग कुणावर गेला, ते बघतो. पाय फारसे कुणी बघत नाही. ते दुपट्यात गुंडाळलेले असतात. पाचवी होते, बारसे होते. मग एखाद्या दिवशी तेल लावताना आजीच्या ध्यानात येते, की बाळाचे पाऊल आत वळले आहे. तळवा आतल्या बाजूला, कधी कधी तर वर बघतो आहे. टाच वर ओढली गेली आहे. हाताने सरळ करू म्हटले तर पुरते होत नाही. सोडले की पुन्हा होते तिथे जाते.

याला डॉक्टर 'क्लबफूट' म्हणतात. आपण वाकडे पाऊल म्हणू.

असे किती मुलांचे होते? सुमारे हजार बाळे जन्मली, तर त्यांत एकाचे होते. तुम्ही म्हणाल, हजारात एक म्हणजे काहीच नाही. पण हिशेब करून बघा. एखाद्या तालुक्यात वर्षाला चार हजार बाळे जन्मली, तर त्यांत चार मुले अशी. दहा वर्षांत चाळीस. म्हणजे एका वर्गाची पटसंख्या झाली. मुलींपेक्षा मुलांत हे प्रमाण दुप्पट आहे. आणि निम्म्या मुलांचे दोन्ही पाय वाकडे असतात.

यात एक गोष्ट फसवी आहे. तान्ह्या बाळाला हे पाऊल दुखत नाही. बाळ दूध पिते, हसते, पाय झाडते. म्हणून घरचे म्हणतात, "राहू द्या, चालायला लागला की आपोआप सरळ होईल." तसे होत नाही. खरे वाकडे पाऊल आपोआप सरळ होत नाही. बाळ चालू लागते तेव्हा ते पावलाच्या कडेवर चालते. त्या कडेवर घट्टे पडतात. वर्षागणिक हाडे कठीण होत जातात, आणि जे काम तान्हेपणी सोपे होते ते अवघड होऊन बसते.

दोष कुणाचा?

असे मूल जन्मले की घरात पहिला प्रश्न निघतो, दोष कुणाचा? आणि बोट जाते ते आईकडे. कुणी म्हणतं, "ग्रहणात पाय दुमडून बसली असेल." कुणी म्हणतं, "ग्रहणात भाजी चिरली असेल." कुणी सुनेलाच पांढऱ्या पायाची ठरवून मोकळं होतं. ओली बाळंतीण, अंगात त्राण नाही, आणि वर हे बोल!

आपण जरा विचार करू. ग्रहण लागते ते एका घरापुरते लागत नाही. साऱ्या मुलखाला लागते. त्या दिवशी गावात पाच गरोदर बाया असतील, तालुक्यात हजार असतील. मग एकाच बाळाचे पाऊल का वळले? आणि ज्या देशांत ग्रहण कुणी पाळत नाही, तिथेही अशी बाळे जन्मतात. तीही हजारात एकच. ग्रहणाचा यात काही संबंध नाही.

मग होते काय? आईच्या पोटात बाळ चार-पाच महिन्यांचे असते, त्या सुमारास पावलाच्या आतल्या आणि मागच्या बाजूचे बंध आखडतात. गाडीच्या एका बाजूचा दोर जास्त ताणून बांधला म्हणजे ओझे त्या बाजूला कलते, तसे हे आहे. पाऊल आत ओढले जाते. हे का होते, त्याचे एक नेमके कारण अजून शास्त्राला सापडलेले नाही. काही घराण्यांत ते पुन्हा पुन्हा दिसते. पण आईच्या बसण्याउठण्याने ते झालेले नसते. आईने काही खाल्ले, काही कापले, त्यानेही नाही. तेव्हा दोष शोधण्यात दिवस घालवू नका. ते दिवस बाळाच्या उपचाराचे आहेत.

आणखी एक सांगतो. आपल्याकडे बाळाला न्हाऊमाखू घालायला बाई येते. तिचा हात चांगला असतो. पण वाकडे पाऊल तेल लावून, जोर करून ओढायला तिला सांगू नका. कोवळ्या हाडांना इजा होईल. भगताकडे, अंगारेधुपाऱ्याकडेही वेळ दवडू नका. बाळाला थेट डॉक्टरकडे न्या.

शाळा ओढ्याच्या अलीकडे संपली

उपचार झाला नाही तर काय होते, ते आम्ही जवळून पाहिले आहे. आम्हांला मास्तरकी धरून थोडेच दिवस झाले होते. आज त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. वर्गात एक मुलगा होता. त्याची दोन्ही पावले जन्मापासून आत वळलेली. तो पावलांच्या बाहेरच्या कडेवर चाले. डोलत डोलत चाले, म्हणून पोरे त्याला हाका मारत, त्या काय मारत असतील ते तुम्ही जाणता. चप्पल त्याच्या पायात राहत नसे. पण हिशेबात त्याचा हात धरणारा वर्गात कुणी नव्हता. आम्ही फळ्यावर गणित लिहून वळेपर्यंत त्याचे उत्तर तयार.

तो चौथी पास झाला. पुढची शाळा दुसऱ्या गावी, तीन मैलांवर. मधे ओढा. बाकीची पोरे पळत जायची. हाही गेला. पावसाळाभर गेला. मग कडेचे घट्टे फुटले, जखमा झाल्या, त्या चिघळल्या. बाप एक-दोन महिने खांद्यावर घेऊन गेला. पण बापालाही पोटाचे काम होते. पोरगा घरी बसला तो बसलाच.

पुढे तो बाजारात सायकलींची पंक्चरे काढायला बसला. कष्टाने पोट भरू लागला, त्यात कमीपणा काही नाही. पण सगळ्या वर्गाच्या पुढे असणाऱ्या मुलाची शाळा ओढ्याच्या अलीकडे संपली, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. त्या काळी आमच्या भागात कुणालाच उपचाराची वार्ता नव्हती. आज ती आहे. आज असे होण्याचे काही कारण नाही.

घड्याळजीचा मुलगा

हा उपचार ज्याने बसवला त्या डॉक्टरांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नाव इग्नासियो पोन्सेटी. स्पेन देशाच्या मिनोर्का नावाच्या बेटावर ३ जून १९१४ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील घड्याळे दुरुस्त करीत. मुलगा शिकून डॉक्टर झाला. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. त्यात जखमी शिपायांची मोडलेली हाडे बसवण्याचे काम त्यांनी केले. त्यांची बाजू हरली, तेव्हा त्यांना देश सोडावा लागला. आधी फ्रान्स, मग मेक्सिको, आणि १९४१ साली ते अमेरिकेत आयोवा येथे आले. पुढचा जन्म तिथेच गेला.

तिथे त्यांनी काय पाहिले? वाकड्या पावलाची जी मुले पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया करून सरळ केली होती, ती मोठी झाली होती. पावले दिसायला बरी, पण ताठरलेली आणि दुखरी. तेव्हा त्यांनी पावलाच्या हाडांची आणि बंधांची रचना बारकाईने तपासली. तान्ह्या बाळाची हाडे मऊ असतात, बंध ताणले जातात. मग चिरफाड कशाला? हाताने हळूहळू वळवावे आणि प्लॅस्टरने तिथे धरून ठेवावे, असे त्यांनी ठरवले. १९४८ च्या आसपास त्यांनी सुरुवात केली. १९६३ साली त्यावर लेख छापला.

लोकांनी लगेच ऐकले असेल असे समजू नका. कित्येक वर्षे बाकीचे डॉक्टर मोठ्या शस्त्रक्रियाच करीत राहिले. १९९५ साली पोन्सेटींच्या जुन्या रोग्यांची पाहणी छापली गेली. ती बाळे तोवर मोठी माणसे झाली होती. त्यांतल्या शंभरात ७८ जणांची पावले चांगली, उत्तम काम देत होती. त्यानंतर ही पद्धत जगभर गेली. ती पसरवण्यात आईबापांचा वाटा मोठा. ज्यांच्या मुलांची पावले सरळ झाली, त्यांनी दुसऱ्या आईबापांना सांगितले, त्यांनी तिसऱ्यांना. पोन्सेटी २००९ साली वारले, तेव्हा त्यांचे वय ९५ होते. त्यांचा जन्मदिवस, ३ जून, हा आता वाकड्या पावलाचा जागतिक दिवस म्हणून पाळतात.

उपचार कसा होतो?

आता नीट ध्यान द्या. उपचाराच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी प्लॅस्टरची. बाळ आठ-पंधरा दिवसांचे असतानाच सुरुवात झाली तर उत्तम. डॉक्टर पाऊल हातात धरून हलकेच वळवतात. जोर करीत नाहीत. जेवढे वळले तेवढ्यावर प्लॅस्टर घालतात. प्लॅस्टर बोटांपासून थेट मांडीपर्यंत असते आणि गुडघा दुमडलेला ठेवतात. आठ दिवसांनी ते काढून पाऊल आणखी थोडे वळवायचे आणि नवे प्लॅस्टर घालायचे. असे दर आठवड्याला करतात. बहुधा पाच ते सात प्लॅस्टरांत पाऊल सरळ दिसू लागते.

दुसरी पायरी टाचेची. टाचेच्या मागे दोरीसारखी जाड शीर असते. हात लावून बघा, लागेल. वाकड्या पावलात ती आखूड असते, म्हणून टाच खाली येत नाही. पुष्कळशा बाळांत डॉक्टर तेवढा भाग बधिर करून लहानसा छेद देतात आणि ती शीर मोकळी करतात. काही मिनिटांचे काम. मग तीन आठवड्यांचे शेवटचे प्लॅस्टर. त्या तीन आठवड्यांत शीर पुन्हा सांधते, आणि आता ती पुरेशी लांब असते. 'कापले' हा शब्द ऐकून घाबरून पळू नका. इथवर येऊन पळालात तर आधीचे सारे प्लॅस्टर फुकट जाते.

तिसरी पायरी बुटांची. दोन छोटे बूट असतात आणि मधे एक दांडी असते. दांडीमुळे पावले बाहेरच्या बाजूला वळलेली राहतात. एकच पाय वाकडा असला तरी बूट दोन्ही पायांत घालायचे. पहिले तीन महिने दिवसरात्र घालायचे. चोवीस तासांतून एक तास काढायचे, तो आंघोळीला आणि तेल लावायला. चोवीसातून एक गेला, किती राहिले? तेवीस. तीन महिन्यांनंतर फक्त रात्री आणि दुपारच्या झोपेत. दिवसा मूल मोकळे. रांगू दे, चालू दे, खेळू दे. पण झोपताना बूट हवेतच. हे मूल चार वर्षांचे होईपर्यंत करायचे. डॉक्टर पुढे सांगतील तर पुढेही.

प्लॅस्टर असताना काय सांभाळायचे तेही सांगतो. ते भिजू द्यायचे नाही. बाळाचे अंग ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे. लंगोट वरचेवर बदलायचा. प्लॅस्टरच्या आत काडी घालून खाजवायचे नाही. बाळाची बोटे रोज बघायची. बोटे गुलाबी आणि ऊबदार असली म्हणजे ठीक. निळी, पांढरी, गार पडली किंवा सुजली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. प्लॅस्टर खाली घसरून बोटे आत गेली तरी थांबायचे नाही. तारखेची वाट बघत बसायचे नाही.

पैसे किती लागतात?

हा प्रश्न तुमच्या मनात कधीचा असेल. सरकारी दवाखान्यात हा उपचार फुकट होतो.

मुलांच्या आरोग्यासाठी सरकारची एक योजना आहे. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' हे तिचे नाव. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तिची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचा उपचार या योजनेत मोफत आहे. जन्मजात दोषांच्या तिच्या यादीत वाकडे पाऊल आहे. योजनेचे डॉक्टर गाडी घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात.

पण त्या गाडीची वाट बघू नका. बाळ दवाखान्यात जन्मले तर तिथल्याच डॉक्टरला किंवा नर्सबाईला पाऊल दाखवा. घरी आल्यावर आशाताई पहिल्या दीड महिन्यात सहा वेळा येते. तिसऱ्या दिवशी येते, सातव्या दिवशी येते. ती आली की दुपटे सोडा आणि पाऊल दाखवा. ती तुम्हांला प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवील. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत हाडांचे डॉक्टर आठवड्यातला एखादा वार या मुलांसाठी राखून ठेवतात. तो वार कोणता, ते विचारून घ्या, म्हणजे खेप वाया जात नाही. काही स्वयंसेवी संस्थाही सरकारी दवाखान्यांच्या जोडीने हे काम करतात. 'क्युअर इंडिया' ही त्यांतली एक. बूट फुकट मिळतात, मूल वाढले की पुढच्या मापाचे मिळतात, आणि आईबापांना समजावून सांगायला माणूसही असतो.

आता खरे बोलू. उपचार फुकट, पण एसटीचे तिकीट कुठे फुकट आहे? प्लॅस्टरच्या सहा-सात खेपा, मग शिरेची, मग शेवटचे प्लॅस्टर काढायची. पहिल्या तीन महिन्यांतच आठ-नऊ खेपा होतात. बाळंतिणीबरोबर एक माणूस लागतो, म्हणजे दोघांचा रोज बुडतो. २०२३ सालापासून बायकांना एसटीत निम्मे तिकीट झाले, तेवढा आधार आहे. बुडालेला रोज मात्र कुणी भरून देत नाही. पुष्कळ घरे तिसऱ्या-चौथ्या प्लॅस्टरला थांबतात ती इथेच थांबतात. त्यांना बाळ नकोसे झालेले नसते. हातात पैसा नसतो, एवढेच.

इथे गावाचे काम सुरू होते. लग्नाला आपण आहेर करतो. मयताला सरपण देतो. मग एका बाळाच्या आठ खेपांना हातभार लावायला काय हरकत आहे? बचत गटाच्या बायांनी त्या घराला बिनव्याजी उसने द्यावे. दवाखान्याच्या दिवशी शेजारणीने त्या घरची भाकरी टाकावी, मोठ्या पोराला शाळेत धाडावे, शेळ्या आपल्या शेळ्यांबरोबर सोडाव्या. कुणी मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत सोडावे. यातल्या एकाही कामाला फार पैसा लागत नाही, पण खेप चुकत नाही.

आजीची माया

पुष्कळांना वाटते, प्लॅस्टर संपले, पाऊल सरळ झाले, म्हणजे काम झाले. आणि पाऊल परत वळते ते बहुतेक करून इथेच. जे बंध पाऊल आत ओढत होते, ते मूल लहान असेतोवर पुन्हा ओढ घेतातच. बूट त्यांना अडवून धरतात. नव्या लावलेल्या रोपाला काठी बांधतो, तसेच हे. रोप सरळ दिसते म्हणून आपण पहिल्याच महिन्यात काठी काढतो का?

आमच्या शेजारच्या आळीत असेच झाले. एका घरी नातू झाला, डावे पाऊल वाकडे. सून शहाणी. तिने सगळे प्लॅस्टर वेळेवर केले. पाऊल इतके छान सरळ झाले, की बघतच राहावे. मग बूट आले. पहिल्या दोन रात्री बाळ रडले. आजीला ते सोसवेना. ती आमच्याकडे आली.

म्हणाली, "गुरुजी, लेकराच्या पायांत बेडी घातल्यागत दिसतंय हो. माझ्यानं बघवत नाही."

आम्ही म्हटले, "मावशी, दोन-चार दिवसांत सवय होईल त्याला. बूट काढू नका."

ती हो म्हणाली. पण माया वेडी असते. सून दमून झोपली, की आजी हळूच बूट सोडायची, आणि पहाटे पुन्हा बांधून ठेवायची. कुणाला पत्ता नाही. दोन महिन्यांनी टाच बुटात बसेना. पाऊल पुन्हा आत झुकले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "बूट किती तास घालता?" सून म्हणाली, "तेवीस." आजी खाली बघत होती. डॉक्टरांच्या ते ध्यानात आले. ते रागावले नाहीत. त्यांनी आजीला जवळ बसवले, बाळाचे पाऊल तिच्या हातात दिले आणि म्हणाले, "आजी, हे पाऊल आता तुमच्या हातात आहे."

पुन्हा तीन प्लॅस्टर झाले. पुन्हा तीन खेपा, तीन दिवसांचा रोज. नंतर मात्र दिवेलागणीला बूट घालायचे काम आजीने स्वतःकडे मागून घेतले. आधी मऊ सुती मोजा, मग टाच नीट खाली बसवायची, मग पट्टा. मांडीवर घेऊन दोन्ही पाय एकदम वरखाली करायचे आणि गाणे म्हणायचे. पोराला तो खेळच वाटू लागला. आज तो चार वर्षांचा झाला आहे. अंगणवाडीत सगळ्यांच्या आधी पळत जातो, आणि आजी मागून ओरडत असते, "अरे, हळू!"

तेव्हा घरातल्या प्रत्येकाला बुटांचे कारण कळले पाहिजे. एकट्या आईला कळून भागत नाही. बापाला कळले पाहिजे, आजी-आजोबांना कळले पाहिजे. मूल मामाच्या गावी गेले तर बूट बरोबर गेले पाहिजेत. बूट रोज एकाच वेळी घातले तर मूल हट्ट करीत नाही. बूट काढले की कातडी लाल झाली आहे का, फोड आला आहे का, ते बघा. फोड आला तर बूट फेकून देऊ नका, डॉक्टरला दाखवा. बूट लहान झाले तर नवे मागून घ्या.

मूल मोठे झाले असेल तर?

कुणाच्या घरी मूल दोन वर्षांचे असेल, पाच वर्षांचे असेल, आणि उपचार झाला नसेल. ते म्हणतील, "आमची वेळ गेली." तसे समजू नका. चालणाऱ्या मुलालाही, शाळेतल्या मुलालाही प्लॅस्टरने पुष्कळ फरक पडतो. प्लॅस्टर जास्त लागतील. एखाद्याला शस्त्रक्रिया लागेल. पण दाखवल्याशिवाय राहू नका.

आणि ही मुले पुढे काय करतात म्हणून विचाराल, तर एक नाव सांगतो. मिया हॅम नावाची अमेरिकेची बाई. जन्मली तेव्हा तिचे पाऊल वाकडे होते. लहानपणी उपचार झाला. पुढे ती फुटबॉल खेळू लागली. १९९१ आणि १९९९ साली बायकांचा विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या संघात ती होती. पाऊल वाकडे होते, त्याच पायाने ती चेंडू मारत होती. आपल्या मुलांनी विश्वचषक जिंकलाच पाहिजे असे नाही. त्यांना ओढा ओलांडून शाळेत जाता आले, तरी आम्ही भरून पावलो.

आता पाट्या घ्या

तुमच्यांतले पुष्कळजण गेल्या वर्षापर्यंत अंगठा उठवत होते. आता तुम्ही वाचता. या वाचनाचा उपयोग इथे आहे. दवाखान्यातून एक कार्ड मिळते. त्यावर पुढच्या प्लॅस्टरची तारीख असते. ती स्वतः वाचा. भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्या तारखेभोवती गोल करा. बूट घातले की त्या दिवसावर रोज एक फुली मारा. महिन्याच्या शेवटी फुल्या मोजा. फुली चुकली असेल तर ती तुमच्याच नजरेला पडेल.

आता तीन ओळी लिहा. आम्ही सावकाश सांगतो.

बाळ जन्मताच त्याची पावले बघा.

पाऊल वाकडे असेल तर लगेच सरकारी दवाखान्यात न्या.

चार वर्षे पुरी होईपर्यंत बूट सोडू नका.

लिहिले? आता पाटी पुसू नका. तशीच घरी न्या आणि घरात वाचून दाखवा. कुणाच्या वाड्यात, कुणाच्या वस्तीवर, कुणाच्या माहेरी असे मूल असेल, तर त्या घरी उद्या सकाळी जा आणि याच तीन ओळी तिथे वाचा. त्यांना दवाखान्याचा रस्ता ठाऊक नसेल, तर पहिल्या खेपेला बरोबर जा. तुमच्या घरची शेळी-भाकरी आम्ही बघू.